देठासकट आंबा

दुबईत रास अल खोरच्या फळबाजारात हापूसची पेटी उघडली, तर आधी देठ बघा. खरा इतिहास तिथंच आहे.

अमेरिकेत, मिशिगनमध्ये, १९६०च्या दशकात आंबट चेरीची झाडं यंत्रानं गदागदा हलवायला सुरुवात झाली. फळं ताडपत्रीवर पडतात, मग थंड पाण्यात जातात. थोडी दबली तरी चालतं, कारण पुढे ती गोठवायची किंवा डबाबंद करायची असतात.

हापूस मात्र हातात घेऊन, हुंगून विकला जातो. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठानं झाड हलवणारं यंत्र नाही, तर देठासकट आंबा उतरवणारा ‘नूतन झेला’ दिला.

आणि झेला धरणारे हात? कोकणात आज ते बऱ्याचदा नेपाळी मजुरांचे असतात. पेटीवर नाव देवगडचं. त्यांचं कुठेच नाही.