सभागृहाचे झाले संग्रहालय

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे संग्रहालय म्हटले की नागपूरचा 1863चा अजब बंगलाच आठवतो. कोल्हापूरचा टाऊन हॉल मात्र संग्रहालयासाठी बांधलेला नव्हे. चार्ल्स मँट यांनी 1872 ते 1876 या काळात तो उभारला, तो नगराच्या सभांसाठी. काळा दगड, टोकदार कमानी, उतरते छप्पर, दोन मनोरे. सभेला माणसे दाटीने बसणार, म्हणून छत उंच.

स्वातंत्र्यानंतर संग्रहालय इथे आले. नवी इमारत न बांधता जुनीच वापरली, हा शहाणपणा; म्हणून वास्तूही वाचली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेला ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा छोटा पुतळा इथेच आहे. त्याच्यापुढे सगळे थांबतात. छताकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. पहिल्या खेपेस आम्हीही पाहिले नव्हते.