तिठ्यावरची जुनी गाठ

मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो तो हातखंब्याचा तिठा. एसटीतून माणसं उतरतात, ट्रकवाले चहाला थांबतात आणि सांडलेल्या खाण्यावर कुत्री जगतात. कोकणातल्या अशा कुठल्याही नाक्यावर एखाद्या कुत्रीच्या मागून रक्त ठिबकताना दिसलं, की माणसं म्हणतात, माजावर आली असेल. पण माजाचं रक्त दोन-तीन आठवड्यांत थांबतं. हे महिनोन् महिने चालूच राहतं. शेपटी बाजूला केली की फुलकोबीसारखी लालबुंद, ठिसूळ मांसाची गाठ दिसते, आणि नुसतं बोट लागलं तरी तिच्यातून रक्त येतं. नरांमध्ये ती लिंगाच्या मुळाशी, कातडीच्या आत दडून वाढते. कुत्री एकमेकांना हुंगतात, चाटतात, त्यामुळे कधी ती नाकातोंडातही रुजते. जनावरांचे डॉक्टर तिला ‘टीव्हीटी’ म्हणतात. बाकीचे लोक दगड मारून त्या जनावराला हाकलतात. म्हणूनच या गाठीचं कूळ सांगावंसं वाटतं.

लंडनचे पशुवैद्य डेलाबेर ब्लेन यांनी 1810 साली तिचं वर्णन लिहून ठेवलं. 1876 मध्ये रशियात म्स्तिस्लाव नोव्हिन्स्की या तरुण पशुवैद्याने एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात रुजवून दाखवला. एका जनावराचा कर्करोग दुसऱ्यात रुजवण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत अँटोन श्टिकर यांनी तिचा कसून अभ्यास केला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत ती ‘श्टिकरचा सार्कोमा’ या नावाने सापडते.

गाठ लागण होऊन पसरते एवढं यातून सिद्ध झालं. मग हा एखादा विषाणू असणार, असा तर्क साहजिक होता. घोड्यांच्या कातडीवर येणारा सारकॉइड तसाच आहे. गाईबैलांचा पॅपिलोमा विषाणू घोड्यात शिरतो आणि घोड्याच्याच पेशी बिघडवतो. कुत्र्यांच्या गाठीत मात्र विषाणू सापडेना. शिवाय गुणसूत्रांचा हिशेब जुळत नव्हता. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत साधारण 57 ते 64. कुत्रा कुठल्याही देशातला असो, गाठीची ठेवण तीच.

2006 साली लंडनच्या रॉबिन वाइस यांच्या गटाने हा गुंता सोडवला. भारत, इटली, केनिया अशा दूरदूरच्या देशांतल्या कुत्र्यांच्या गाठी त्यांनी तपासल्या. गाठीचा डीएनए ती वाहणाऱ्या कुत्र्याशी जुळत नव्हता, पण गाठी आपापसांत जुळत होत्या. म्हणजे ती त्या कुत्र्याच्या शरीराची गाठच नव्हे. फार पूर्वी कुठल्या तरी एका कुत्र्याच्या अंगात एक पेशी बिघडली. तो कुत्रा मेला, पण त्या पेशीची संतती समागमातून दुसऱ्या कुत्र्यात, तिथून तिसऱ्यात जात राहिली आणि अजून जिवंत आहे. मला तरी जीवशास्त्रात याहून थक्क करणारं काही ठाऊक नाही.

तो कुत्रा कधी होऊन गेला? 2014 मध्ये एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटाने दोन गाठींचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि सुमारे 11,000 वर्षांचा अंदाज बांधला. 2019 मध्ये 43 देशांतल्या 546 गाठी तपासल्यावर तो 4,000 ते 8,500 वर्षांवर आला, आणि जन्मस्थान आशिया ठरलं. अमेरिकेत ती सुमारे 500 वर्षांपूर्वी, युरोपियनांच्या जहाजांबरोबर पोचली असावी. बंदरं आणि कुत्री एकमेकांना सोडून राहत नाहीत, हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी उतरताना कुणीही पाहावं. वाटेत या पेशींनी यजमान कुत्र्यांचे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, निदान पाच वेळा उचललेत.

ब्रिटनमध्ये ब्लेन यांनी पाहिलेली ही गाठ विसाव्या शतकात नाहीशी झाली. तिच्यासाठी खास मोहीम झाली नव्हती. मोकाट कुत्र्यांवर बंधनं आली आणि तिची वाटच तुटली. आपल्याकडे तेच काम नसबंदीने होऊ शकतं. नसबंदीकडे आपण फक्त संख्या कमी करण्याचा उपाय म्हणून पाहतो, पण समागम थांबला की गाठीचा मुख्य रस्ताही बंद होतो.

ज्यांना लागण झालीच आहे त्यांच्यासाठी औषध आहे आणि ते उत्तम चालतं: व्हिन्क्रिस्टिन. ते ज्या सदाफुलीतून मिळतं ती कोकणात घरोघरच्या अंगणात असते, पण मूळची मादागास्करची. माणसांच्या रक्ताच्या कर्करोगावर 1960च्या दशकापासून तेच देतात. कुत्र्याला आठवड्यातून एकदा, बहुधा चार ते आठ वेळा शिरेतून देतात. थेंबभर जरी शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस सडतं, म्हणून पुढच्या पायावरचे केस काढून, आधी सलाइन सोडून सुई नीट शिरेत असल्याची खात्री करतात. बऱ्याच कुत्र्यांत पहिल्या दोन-तीन डोसांतच रक्त थांबतं आणि गाठ आटू लागते. ही गाठ माणसाला लागत नाही, तेव्हा अशा कुत्र्याला उचलून दवाखान्यात न्यायला तिची भीती नको. अंगणातली सदाफुलीची पानं वाटून पाजण्याचा घरगुती प्रयोग मात्र कुणी करू नये, तो पाला विषारी आहे.