मातृभाषेचा रकाना

फेब्रुवारी 2011 मधली गोष्ट. बी.एड. होऊन मी उर्दू माध्यमाच्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो आणि जनगणनेच्या कामासाठी लालबाग-परळच्या चाळींतून हिंडत होतो. धर्म विचारला की उत्तर चटकन येई. मातृभाषा विचारली की आपल्या काही घरांत लोक थबकत. एका घरात आजी सुनेशी कोकणी मराठीत बोलत होत्या. मुलगा मला म्हणाला, "उर्दू लिहा, सर. मुसलमान आहोत ना आपण!"

सूचनापुस्तिकेत मातृभाषा म्हणजे बालपणी आईने आपल्याशी बोललेली भाषा. पण सांगणारा सांगेल तेच लिहायचे, हाही नियम. मी 'उर्दू' लिहिले.

कोकण किनाऱ्यावर अरब व्यापारी आले, इथल्या लोकांशी सोयरिकी झाल्या. त्यातून वाढलेला कोकणी मुसलमान समाज पिढ्यान्‌पिढ्या इथलीच बोली बोलत आला. मुंबईत 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी बद्रुद्दीन तैयबजी यांच्या घराण्याची भाषा मूळची गुजराती. उर्दू त्यांनी पुढे आपलीशी केली. म्हणजे उर्दू आपल्यापैकी अनेकांकडे निवडीने आली आहे. त्यात कमीपणा नाही. माझी रोजीरोटी तिच्यावरच चालते. पण निवडलेली भाषा आणि आईची भाषा एकच, असे म्हणता येत नाही. याच गिरणगावात बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख (1916–1969), मराठीत गायले. 1944 साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही त्यांचा आवाज घुमला.

त्या दिवशी घरी परतताना मला आमचा स्वतःचा तक्ता आठवला. आमच्याकडे गणक आला, तेव्हा उत्तरे मीच दिली होती. अम्माच्या नावापुढेही 'उर्दू' सांगितले होते. अम्मा चिपळूणकडची. तिने मला निजवले, दटावले, सारे कोकणीत. आणि मी तिला विचारलेसुद्धा नव्हते. उशिरा विचारले, तर म्हणाली, "तू मास्तर. तुला जास्त कळतं."

तेव्हापासून ते वाक्य मला टोचते. त्या तक्त्यात मातृभाषेनंतर येत असलेल्या आणखी दोन भाषांसाठी जागा होती. उर्दू तिथे सन्मानाने बसली असती, प्रमाण मराठीही. पुढच्या जनगणनेत पहिल्या जागी काय लिहायचे, हे मी अम्मालाच विचारणार आहे.