व्यवहारमयूख आणि सुरतेच्या वाटण्या

वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी हा भावंडांच्या नात्याच्या कसोटीचा प्रसंग होय. तापीकाठच्या सुरत शहरातील हिंदू कुटुंबांचे वारशाचे तंटे इंग्रजी अमलातील न्यायालये ज्या ग्रंथाच्या आधारे निकालात काढीत, तो ग्रंथ एका मूळच्या मराठी घराण्यातील पंडिताने रचलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. म्हणून तिचा थोडा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

हा ग्रंथ म्हणजे नीळकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’. नीळकंठांचे पणजोबा रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात पैठण सोडून काशीस जाऊन राहिले. पुढे यमुना-चंबळेच्या संगमाजवळील राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने नीळकंठांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मनिबंध रचला. त्यांपैकी न्यायव्यवहाराचा मयूख तो हा. ‘मयूख’ म्हणजे किरण. भास्कराचे ते बारा किरण.

मुंबई इलाख्यात १८२७ साली एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत कायदेसंहिता झाली. तिने देशरिवाजाला मान दिला आणि रिवाज नसेल तेथे प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा प्रमाण मानला. त्याच साली हॅरी बॉरडेल या सनदी अधिकाऱ्याने केलेले मयूखाचे इंग्रजी भाषांतर सुरतेच्या मिशन छापखान्यात छापले गेले. गुजरातेतील ज्ञातींचे रिवाज गोळा करविण्याचे श्रेयही त्याचेच. पुढे न्यायालयांनी असे ठरविले, की गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मिताक्षरेशी मतभेद पडल्यास मयूखाचे वचन वरचढ. रत्नागिरीकडे मात्र मिताक्षराच श्रेष्ठ. पैठणच्या वंशजाचा शब्द रत्नागिरीपेक्षा सुरतेत अधिक चालला, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

या मतभेदांतील सर्वांत महत्त्वाचा भेद बहिणीविषयीचा आहे. निपुत्रिकाच्या वारसांत ‘गोत्रज’ येतात, असे स्मृतिवचन आहे. बहीण विवाहाने परगोत्रात जाते, तेव्हा तिचा येथे संबंध काय, अशी शंका साहजिक होती. नीळकंठांचे उत्तर सरळ आहे: गोत्रज म्हणजे गोत्रात जन्मलेला, बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून तीही गोत्रज. ती सगोत्र राहत नाही हे खरे; परंतु धन घेण्यास सगोत्रता हवी, असे कोठे सांगितलेले नाही! या युक्तिवादाने त्यांनी बहिणीला पितामहीच्या लगेच मागे स्थान दिले. विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या मुंबईच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८६४ साली बहिणींचा वारसाहक्क मान्य केला. इतरत्र मिताक्षरेखालील बहिणीला असे स्थान मिळण्यास १९२९ चा कायदा व्हावा लागला.

तथापि या स्थानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा हक्क भाऊ निपुत्रिक वारला, आणि विधवा, कन्या, आईबाप, सख्खे भाऊ वगैरे जवळचे वारस नसले, तरच उपयोगी पडे. भाऊ हयात असून एकत्र कुटुंबाची वाटणी करू लागले, तर आईला पुत्राइतका वाटा मिळे. बहिणीला केवळ विवाहापुरती तरतूद. तिला भावांच्या शेजारी बसण्यास फार काळ लागला. १९५६ च्या कायद्याने बापाच्या स्वतंत्र मिळकतीत कन्येला पुत्राइतका वारसा दिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित कन्यांना आणि साऱ्या देशाने २००५ साली सर्व कन्यांना दिला. त्यासाठी २००५ साली पिता हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

एवढे होऊनही वडिलांच्या पश्चात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्या गावोगाव चालू आहे. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, आणि भाऊ तिला प्रेम समजतात. तिने खुशीने सोडले तर तो तिचा अधिकार. पण मागितले तर माहेर तुटेल या धाकाने सोडवून घेतलेल्या हक्काला दान म्हणता येणार नाही. विवाहाने गोत्र पालटते, जन्म पालटत नाही, हे नीळकंठांनी शास्त्राच्याच भाषेत सिद्ध केले होते. न्यायासनाने ते केव्हाच स्वीकारले. घराच्या ओसरीवर ते अजून पोहोचावयाचे आहे.