एक टक्क्याची रेषा

हिमोफिलिया म्हटले की सुशिक्षित वाचकाला युरोपातील राजघराणी आठवतात : राणी व्हिक्टोरिया, तिचा मुलगा लिओपोल्ड, रशियाचा युवराज अलेक्सी. (रशियन राजघराण्याच्या अवशेषांच्या जनुकीय तपासणीतून त्यांचा आजार ‘बी’ प्रकारचा होता, हे २००९ साली स्पष्ट झाले.) पण पेण किंवा रोह्याच्या एखाद्या घरात काहीही न लागता रांगत्या मुलाचा गुडघा सुजतो, तेव्हा या राजेशाही कथा उपयोगी पडत नाहीत. तेथे प्रश्न एकच असतो : किती टक्के?

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी आठवा घटक कमी असेल तर ‘ए’ आणि नववा कमी असेल तर ‘बी’. हे दोन वेगळे आजार आहेत, हे १९५२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ठामपणे मांडले. निरोगी माणसात हे प्रमाण साधारण ५० ते १५० टक्के असते. ते १ टक्क्याहून कमी असल्यास आजार तीव्र, १ ते ५ टक्के असल्यास मध्यम आणि ५ ते ४० टक्के असल्यास सौम्य. सौम्य रुग्णाला आपला आजार कधी कधी दाढ काढतानाच कळतो. तीव्र रुग्णाच्या सांध्यांत मात्र आपोआप रक्त साचते आणि पुन्हापुन्हा साचून सांधा झिजतो.

ही एक टक्क्याची रेषा केवळ कागदावरची नव्हे. स्वीडनमधील माल्मो येथे इंगा मारी निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले, की मध्यम रुग्णांचे सांधे सहसा शाबूत राहतात. मग तीव्र रुग्णाला नियमित घटक देऊन त्याला कायम ‘मध्यम’ का ठेवू नये? १९५८ पासून त्यांनी तसे उपचार सुरू केले. वर्गीकरणातूनच उपचार जन्माला आल्याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात मला तरी दुसरे सापडत नाही.

आपल्याकडे मात्र दीर्घकाळ रक्तस्राव झाल्यावरच उपचार, हीच रीत होती. तीही प्लाझ्मा किंवा क्रायोप्रेसिपिटेट यांच्या आधारे. आठवा घटक सुमारे बारा तासांत निम्म्यावर येतो. म्हणून प्रतिबंधासाठी आठवड्याला दोन-तीन वेळा शिरेतून इंजेक्शन लागते. त्यासाठी दर वेळी रोह्याहून गाडी धरून परळच्या केईएमपर्यंत जायचे, तर मुलाची शाळा आणि बापाची मजुरी दोन्ही बुडतात. अलीकडचे एमिसिझुमॅब त्वचेखाली, आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा देता येते. पण ते फक्त ‘ए’ प्रकारासाठी, आणि महाग.

घरात दोष बहुधा आईवर येतो, कारण सदोष जनुक तिच्या एक्स गुणसूत्रावरून येते. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात या आजाराचा मागमूसही नसतो. तेथे जनुकातील बदल नव्यानेच झालेला असतो. हे सासरच्या माणसांना कोणी सांगत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. परंतु सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांच्या कलमात रक्ताच्या आजारांचा उल्लेख नाही. सांधे निकामी झाले तर अस्थिव्यंग म्हणून दाद मागता येते. उपचारांनी ते वाचवले, तर तीही वाट उरत नाही.