प्रोस्टेटचा कॅन्सर परत येईल का? : बोटापासून एमआरआयपर्यंत

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रुग्ण घरी आला, की घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : हा परत तर येणार नाही ना? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो समजला, तर ऑपरेशनपूर्वी एमआरआय का सांगतात हेही समजतं.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली असणारी, अक्रोडाएवढी ग्रंथी. १९०४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कॅन्सरसाठी ही ग्रंथी आवरणासकट पूर्ण काढली. त्या काळी सर्जनचा मुख्य आधार म्हणजे गुदद्वारातून तपासणारं स्वतःचं बोट. पण बोटाला ग्रंथीची फक्त मागची बाजू लागते. कॅन्सर आवरणाबाहेर गेला आहे की नाही, हे अनेकदा ऑपरेशन करतानाच कळायचं.

१९६६ मध्ये डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहून कॅन्सर किती आक्रमक आहे हे ठरवण्याची पद्धत मांडली. बायोप्सीच्या रिपोर्टवर आजही 'ग्लीसन स्कोअर' असतो. मात्र सुई जिथे टोचली, तिथलंच ती सांगते.

मग आली पीएसए ही रक्ततपासणी. १९८६ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती निदानासाठी नव्हे, तर कॅन्सर झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. ग्रंथीच काढल्यावर पीएसए जवळजवळ शून्य व्हायला हवं. ते मिलीलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त झालं आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच आलं, तर कॅन्सर परतल्याचं धरतात. १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या १,९९७ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३१५ जणांचं पीएसए पुढे वाढलं. पण हे कळतं कॅन्सर परतल्यावर. आधी कसं ओळखायचं?

१९९० च्या दशकात बोटाची तपासणी, ग्लीसन स्कोअर आणि पीएसए एकत्र करून कमी, मध्यम आणि जास्त धोक्याचे गट पाडले गेले. तरीही मध्यम गटातल्या दोन रुग्णांचं पुढे अगदी वेगळं व्हायचं. कॅन्सर ग्रंथीत नेमका कुठे आणि कुठवर आहे, हे या तिन्हींतून नीट दिसत नव्हतं.

ती उणीव एमआरआयने भरून काढायला सुरुवात केली. १९८० च्या दशकातली प्रोस्टेटची चित्रं धूसर असत. म्हणून गुदद्वारात फुग्यासारखी कॉइल ठेवून चित्र काढू लागले. २००० मध्ये डॉ. अँथनी डि'अमिको आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ऑपरेशननंतर पीएसए वाढेल का, हे सांगायला असा एमआरआय मुख्यतः मध्यम धोक्याच्या रुग्णांत उपयोगी पडतो. पुढे यंत्रं सुधारली, कॉइलची गरज कमी झाली. गाठीत पेशींची दाटी असल्याने पाण्याचे कण मोकळे फिरत नाहीत, हेही एमआरआय टिपू लागला. २०१२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी संशयाला १ ते ५ गुण देणारी 'पाय-रॅड्स' पद्धत आणली.

आज रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघाव्यात : गाठ केवढी आहे, आवरण ओलांडलं आहे का, आणि शेजारच्या वीर्यकोशात शिरली आहे का. यांपैकी शेवटच्या दोन असतील, तर कॅन्सर परतण्याची शक्यता वाढते. पण सूक्ष्म प्रमाणात बाहेर गेलेल्या पेशी एमआरआयला दिसत नाहीत. त्यामुळे चांगला रिपोर्ट ही हमी नव्हे आणि वाईट रिपोर्ट म्हणजे शेवट नव्हे.

या अंदाजाचा उपयोग काय? पूर्वी धोका जास्त वाटला, की ऑपरेशननंतर लगेच रेडिएशन द्यावं असं अनेकांचं मत होतं. २०२० मध्ये 'रॅडिकल्स' या मोठ्या चाचणीत दिसलं, की पीएसएवर लक्ष ठेवून, ते वाढल्यावर रेडिएशन दिलं, तरी पाच वर्षांत कॅन्सर आटोक्यात राहण्याचं प्रमाण जवळपास सारखंच राहतं आणि अनेकांचा लघवीचा त्रास टळतो. म्हणजे कोणाला थांबता येईल आणि कोणावर जास्त बारीक नजर हवी, हे ठरवणं महत्त्वाचं.

म्हणून एमआरआयची फिल्म आणि बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवा, आणि कितीही बरं वाटत असलं तरी सांगितलेल्या तारखेला पीएसए तपासून घ्या.