घरातला धंदा : मोजतो कोण, मालक कोण?

आजचा विषय म्हणजे घर सांभाळता सांभाळता, पोरं वाढवता वाढवता घरातूनच जो धंदा केला जातो, त्याचा इतिहास. पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं पुस्तकी वाटेल.

१९८१ चा फेब्रुवारी महिना. जनगणनेचे गुरुजी पालघरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी आले. आम्ही तेव्हा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो आणि पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होतो. गुरुजींनी विचारलं, "मिसेस काय करतात?" आम्ही म्हणालो, "काही नाही, घरीच असते." हे बोलत होतो तेव्हा आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. बाजूला पाळणा होता. बोईसरच्या वसाहतीतल्या बायकांचे ब्लाउज द्यायचे होते, आणि आमचा प्रबंध टाइप करून घेण्याचे पैसे त्याच ब्लाउजांमधून जाणार होते. गुरुजी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, घरीच असते हे खरं. पण काही नाही म्हणजे?"

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न पक्का होता. जे काम उंबऱ्याच्या आत होतं, ते काम म्हणून दिसत का नाही?

गंमत अशी, की इकॉनॉमिक्स हा शब्दच घरातून आलेला आहे. ग्रीक भाषेत 'ओइकोस' म्हणजे घर. ओइकोनोमिया म्हणजे घराची व्यवस्था. कुंभाराचं चाक, कोष्ट्याचा माग, सोनाराची भट्टी हे सगळं शतकानुशतकं घरातच होतं. घर वेगळं आणि कामाची जागा वेगळी, ही विभागणी कारखान्यांबरोबर आली. भोंगा वाजला की कामावर जायचं, भोंगा वाजला की घरी यायचं. मग घरी जे होतं ते काम नव्हे, असं आपल्या मनानं धरून टाकलं.

आपल्याकडचा जुना पुरावा बघा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचं प्रकरण आहे. विधवा, नवरा परगावी गेलेल्या बायका, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून सूत कातून घ्यावं, त्यासाठी दासींना त्यांच्या घरी पाठवावं, असं तो सांगतो. ज्या स्वतः सूत घेऊन येतील त्यांनी पहाटे यावं, माल द्यावा, मजुरी घ्यावी. दिवा फक्त सूत तपासण्यापुरता. अधिकाऱ्यानं बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा कामाखेरीज भलतं बोलला तर त्याला दंड. आणि मजुरी द्यायला उशीर केला तर? त्याहून वरचा दंड! घरी काम करणाऱ्या बाईचा पैसा अडवणं हा गुन्हा आहे, हे इतक्या जुन्या काळी लिहून ठेवलेलं आहे. मात्र एक गोष्ट विसरू नका : धंदा राजाचा होता. बाईची फक्त मजुरी.

आता तिथून थेट १९५९ सालच्या गिरगावात येऊ. १५ मार्चला सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेतले आणि इमारतीच्या गच्चीवर बसून पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे लिज्जत पापड. त्यांची पद्धत नीट पाहिली तर कौटिल्याच्या पद्धतीशी तिचं फार साम्य आहे. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यायची आणि नवं पीठ घेऊन परत यायचं. पहाटेची देवघेव, माल तपासणं, मजुरी हातोहात. सगळं तेच. फरक एकच, पण तो जमीन-अस्मानाचा : इथे लाटणारी बाईच मालकीण. नफ्यात तिचा वाटा. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

म्हणजे कळीचा मुद्दा काम घरात होतं की बाहेर, हा नाहीच मुळी. काम मोजलं जातं का, आणि ते कोणाच्या नावावर आहे, हा आहे.

आता आपल्या भागाकडे या. तारापूरचं अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झालं. पाठोपाठ बोईसरला एमआयडीसी आली. औषधं, रंग, कापड, पोलाद. या भागाचा इतिहास सांगताना आपण हीच नावं घेतो. पण पाळीवर जाणाऱ्या माणसाचा डबा कोण भरत होतं? एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या खाणावळी कोणाच्या स्वयंपाकघरात चालत होत्या? मुंबईच्या गिरणगावात हेच झालं होतं. तिथल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कारखान्याच्या भोंग्यामागे नेहमी एक चूल असते, पण ती कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

आणि किनाऱ्यावर चला. चिंचणी, वरोर, धाकटी डहाणू या गावांत घरोघरी डायमेकिंग चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि नक्षी उमटते. पडवीत किंवा मागच्या खोलीत काम, शेजारी पोरांचा अभ्यास, पलीकडे जेवण. ज्या बाया दागिना अंगावर घालतात त्यांना ही पडवी ठाऊकही नसते. कोळीवाड्यात जा, बोंबील वाळतात ते अंगणात किंवा दाराबाहेरच्या वाळूवर. तेच अंगण, तोच कारखाना.

अशा ठिकाणी घर हललं की धंदाही हलतो. तारापूर प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आज वाढवण बंदराच्या वादात मच्छीमार आणि शेतकऱ्यांच्या जोडीला डायमेकर का बोलतात, ते यातून समजेल. बंदर हवं की नको, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. आमचं म्हणणं एवढंच, की घराची किंमत भिंती आणि छप्पर मोजून ठरवली तर अंगणातल्या धंद्याची किंमत शून्य निघते. "काही नाही, घरीच असते" हे वाक्य तेव्हा सरकारी कागदावर जातं. आम्ही ते जनगणनेच्या कागदावर आधीच घातलं होतं!

१९९१ च्या जनगणनेत मात्र प्रश्नच बदलला. कामाचं विचारताना शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनमजुरीचं कामही त्यात धरायचं, असं प्रश्नातच घातलं गेलं. पुढे १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला, क्रमांक १७७. आपल्या देशानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

त्या १९९१ च्या वेळी पुन्हा गुरुजी दारात आले. या खेपेला आम्ही गप्प बसलो. ती बाहेर आली, ओढणीला हात पुसत खुर्चीत बसली, आणि तिनं स्वतःच सांगितलं, "शिवणकाम. दहा-अकरा वर्षं झाली." तोवर एकाची दोन मशीनं झाली होती. पण खरं सांगायचं तर बँकेतलं खातं तेव्हाही आमच्याच नावावर होतं. ते बदलायला आणखी चार वर्षं लागली, आणि ते तिला मागावं लागलं. तत्त्वज्ञानाच्या डॉक्टराला ते आपणहून सुचलं नाही.

म्हणून शेवटी तीन व्यवहाराच्या गोष्टी. घरात धंदा असेल तर त्याची वही घरखर्चापासून वेगळी ठेवा. त्यात सामानाबरोबर वेळही लिहा. पोरं निजल्यावर केलेलं कामही तासांतच मोजायचं असतं. आणि धंद्याची नोंद जो काम करतो त्याच्याच नावावर करा. २०२० पासून उद्यम नोंदणी आधारवर, घरबसल्या आणि फुकट होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आज घरी गेल्यावर कुणी विचारलं, "घरी कोण काय करतं?" तर उत्तर द्यायच्या आधी आतल्या खोलीचा आवाज जरा ऐका. आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.